दिल्लीची बससेवा आणि विधानसभेची जबाबदारी

एखादी सार्वजनिक सेवा बंद करावयाची झाल्यास शासनाला आदेश काढावा लागतो. त्या आदेशावर कोणाची तरी स्वाक्षरी असते, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात दाद मागता येते. दिल्लीतील बससेवेच्या बाबतीत असा आदेश क्वचितच निघतो. बस जुनी होते, आगाराबाहेर पडेनाशी होते, तिच्या जागी नवी येत नाही आणि मार्गावरील फेऱ्या हळूहळू विरळ होतात. प्रवाशाला ही कपात थांब्यावर ताटकळल्यावर कळते. सभागृहाला बहुधा कळतही नाही. अशी कपात रोखण्यासाठी दिल्लीच्या ७० आमदारांनी काय करावयास हवे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

थोडा इतिहास पाहू. खासगी कंपनीची सेवा अपुरी ठरल्याने १९४८ साली केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने दिल्लीची बससेवा आपल्या हाती घेतली. १९७१ मध्ये दिल्ली परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि १९९६ मध्ये ते दिल्ली सरकारकडे सोपविण्यात आले. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात दिलेल्या आदेशात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. शहरातील सर्व बस सीएनजीवर चालवाव्यात ही एक, आणि १ एप्रिल २००१ पर्यंत बसची संख्या १०,००० वर न्यावी ही दुसरी. पहिली गोष्ट गाजली आणि अमलातही आली. दुसरीपासून २०२५ सालीही दिल्ली फार दूर होती.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा महामंडळावरील अहवाल मार्च २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यानुसार २०१५-१६ मध्ये महामंडळाकडे ४,३४४ बस होत्या, त्या २०२२-२३ पर्यंत ३,९३७ वर आल्या. मार्च २०२२ मध्ये ८१४ मार्गांपैकी केवळ ४६८ मार्गांवर महामंडळाच्या बस धावत होत्या. क्लस्टर योजनेतील खासगी कंत्राटदारांच्या बसनी काही भार उचलला, हे खरे. परंतु लोकसंख्या आणि वस्ती ज्या वेगाने वाढली त्या मानाने तो अपुराच होता.

ही घट अचानक झालेली नाही. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या सुमारास लो-फ्लोअर बस मोठ्या संख्येने एकदम घेतल्या गेल्या. त्यानंतर जवळजवळ दशकभर महामंडळाच्या स्वतःच्या ताफ्यात नव्या बसची भरीव भर पडली नाही. बसचे आयुर्मान साधारण १२ वर्षांचे धरले जाते. म्हणजे त्या बस कोणत्या वर्षांत बाद होणार, हे त्या खरेदी केल्या त्याच दिवशी ठाऊक होते. हिशेब सोपा आहे. १०,००० बस कायम ठेवावयाच्या असतील तर दरवर्षी सुमारे ८३० नव्या बस आल्याच पाहिजेत. एखाद्या वर्षी ही तरतूद झाली नाही, तर त्याच दिवशी पुढील काळातील कपात मंजूर झाली असे समजावे.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे महामंडळाचा तोटा. त्याच अहवालानुसार संचित तोटा २०१५-१६ मधील सुमारे २५,३०० कोटी रुपयांवरून २०२१-२२ मध्ये ६०,७०० कोटींच्या पुढे गेला. आकडा भयावह आहे. पण तो वाचण्याची एक पद्धत आहे. त्यातील मोठा वाटा सरकारनेच दिलेल्या जुन्या कर्जांवरील व्याजाचा आहे. भाडे ठरविण्याचा अधिकार महामंडळाला नाही, आणि नोव्हेंबर २००९ नंतर अनेक वर्षे भाडेवाढ झालेली नाही. २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना मोफत प्रवास सुरू झाला. हा निर्णय मला योग्यच वाटतो. परंतु सवलत सरकारने द्यावी आणि तोटा महामंडळाच्या नावे लिहावा, हे न्याय्य नव्हे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम २२ महामंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर चालावे असे सांगते आणि कलम १८ पुरेशी, कार्यक्षम व किफायतशीर सेवा देण्याचे कर्तव्य त्यावर टाकते. या दोहोंमधील अंतर भरून काढणारा पैसा विधानसभेने मंजूर करावयाचा असतो.

महामंडळाचा कारभार निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. रस्त्यात बंद पडणाऱ्या बस आणि व्यवसाय आराखड्याचा अभाव यांवर लेखापरीक्षणात बोट ठेवले गेले आहे. त्या त्रुटींसाठी अधिकाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु नवी बस न देण्याची शिक्षा अधिकाऱ्यांना होत नाही, ती प्रवाशाला होते.

मेट्रो असताना बसची चिंता कशाला, असे विचारणारेही भेटतात. ऑगस्ट २०२५ च्या भाडेवाढीनंतर मेट्रोचे किमान भाडे ११ आणि कमाल ६४ रुपये झाले. महामंडळाच्या वातानुकूलित बसचे कमाल भाडे तेव्हा २५ रुपये होते. बवाना वा नरेला येथील कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रात्रपाळीचे पहारेकरी यांच्या मासिक खर्चात हा फरक मोठा आहे. प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री मुनीरका येथील थांब्यावर उभ्या असलेल्या दोघांना मिळाली ती मार्गावर प्रवासी घेण्याची परवानगी नसलेली खासगी बस होती. त्या अमानुष गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगारांचीच आहे. तथापि रात्री वेळेवर येणारी सार्वजनिक बस हीसुद्धा सुरक्षेची एक व्यवस्था आहे, हे कोणत्याही शासनाने विसरू नये.

सेवा एकदा थांबली की ती सहजी परत येत नाही. शेजारच्या नोएडात शहर बससेवा २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पुढील अनेक वर्षे प्रवाशांना तिची वाट पाहावी लागली. मराठी वाचकांना ‘बेस्ट’चे उदाहरण परिचित आहे. एकेकाळी वीजपुरवठा विभागाच्या शिलकीतून तेथे बसचा तोटा भरून निघत असे. ती वाट बंद झाल्यावर तितकाच भरवशाचा दुसरा मार्ग उभा राहिला नाही, ताफा घटत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. पुण्यात पीएमपीची तूट दोन महापालिकांनी ६० व ४० टक्के या प्रमाणात उचलावी, असे सूत्र आहे. तेथील सेवा आदर्श नाही. पण कोणी किती द्यावयाचे हे निदान ठरलेले आहे.

दिल्ली विधानसभेकडून माझ्या अपेक्षा चार आहेत. पहिली, दरवर्षी ताफ्याच्या बाराव्या हिश्शाइतक्या बस बदलण्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी आणि ती अन्यत्र वळविता येऊ नये. जानेवारी २०२२ पासून आलेल्या विद्युत बसही एका लाटेत येऊन एका लाटेत बाद होऊ नयेत, यासाठी हे आवश्यक आहे. दुसरी, मोफत प्रवासाची भरपाई ठरलेल्या मुदतीत मिळावी. तिसरी, दर तिमाहीस मतदारसंघनिहाय किती किलोमीटर सेवा दिली व किती आसने उपलब्ध होती, याचे विवरण सभागृहासमोर यावे. बसची नुसती संख्या फसवी असते. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘देवी’ बस ९ मीटर लांबीच्या आहेत. गल्लीबोळांसाठी त्या उत्तम, पण १२ मीटरच्या एका बसच्या जागी एक ‘देवी’ आली तर संख्या तीच राहते आणि जागा घटते. चौथी अपेक्षा आगारांविषयी आहे. घटनेच्या अनुच्छेद २३९ कक अन्वये जमीन हा विषय दिल्ली विधानसभेच्या अधिकाराबाहेर आहे. तेव्हा आगारांसाठी भूखंड मिळावेत, असा ठराव करून सभागृहाने केंद्राकडे सातत्याने पाठपुरावा करावा.

करोलबागेतील गलाई व्यावसायिक असोत, राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी असोत की माझ्यासारखे नोकरीनिमित्त आलेले, आपल्यापैकी अनेकांची नावे आज येथील मतदारयादीत आहेत. पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांना पत्र लिहून एकच प्रश्न विचारावा: आपल्या मतदारसंघात गतवर्षी किती किलोमीटर बस धावल्या आणि यंदा किती धावणार आहेत? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर त्याचे उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवणे शासनाला भाग पडेल.