44व्या घटनादुरुस्तीचे कलम 3 लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मार्फत : मा. जिल्हाधिकारी

विषय : सल्लागार मंडळाविषयीची राहून गेलेली घटनादुरुस्ती लागू करणे व स्थानबद्ध व्यक्तीला पुरेसे संरक्षण देणे

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नागरिक. आमच्यातले काहीजण आणीबाणीत मिसा या स्थानबद्धता कायद्याखाली आत होते. बाकीच्यांत त्यांची मुले, नातवंडे आणि दोन-तीन वकील आहेत. शासनाने जुलै 2024 मध्ये राजपत्रात अधिसूचना काढून 25 जून हा ‘संविधान हत्या दिवस’ ठरवला. त्याच राजपत्रात आणखी एक अधिसूचना निघावी, एवढ्यासाठी हे निवेदन आहे. ती 1979 पासून अडली आहे.

आणीबाणीचे चटके ताजे असताना, 1978 साली, संसदेने 44वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ घातले, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली. बाकीची कलमे पुढच्याच वर्षी लागू झाली. कलम 3 तेवढे राहिले, आणि स्थानबद्धाच्या कामाचे नेमके तेच होते. त्यानुसार सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय कोणालाही दोन महिन्यांपेक्षा जास्त डांबता येणार नाही; आज ही मुदत तीन महिने आहे. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे, अध्यक्ष सेवेतील न्यायाधीश असायचा. आज राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालचे मंडळ सरकार नेमते, आणि न्यायाधीश होण्याची नुसती पात्रता असलेली व्यक्तीही त्यावर बसू शकते. ज्याने आत टाकले त्यानेच पंच निवडावा, हे गावच्या कुस्तीतही चालत नाही.

दोष एका पक्षाचा नाही. दुरुस्ती करणाऱ्या जनता सरकारनेच हे कलम अर्धवट सोडले. पुढे काँग्रेसची सरकारे आली, आघाड्यांची आली. 1975 मध्ये बंगळूरला अटक झालेले वाजपेयी पंतप्रधान आणि अडवाणी गृहमंत्री असतानाही ते पडूनच होते. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये ए. के. रॉय खटल्यात कलम लागू करण्याचा आदेश सरकारला देण्यास नकार दिला. म्हणजे दार वाजवायचे ते आपलेच.

आमच्यातले एक सहीकर्ते आणीबाणीत शाळामास्तर होते. पहाटे दाराशी आलेल्या फौजदाराने दाखवलेला आदेश सायक्लोस्टाइल होता, नावाची जागा शाईने भरलेली. त्यात वडिलांचे नाव दुसऱ्याच कोणाचे! मास्तरांनी सवयीने चूक दाखवली. फौजदाराने तिथेच पेनाने खोडून बरोबर नाव लिहिले आणि म्हणाला, “चला.” मिसाच्या कलम 16-अ मुळे कारणे सांगण्याचे बंधनच उरले नव्हते, दुरुस्त करण्यासारखे त्या कागदावर दुसरे काही नव्हतेच.

नऊ उच्च न्यायालयांनी अशा लोकांचे ऐकण्याची तयारी दाखवली होती. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दारही लावले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता हे 2017 मध्ये त्यांच्याच चिरंजीवांनी निकालपत्रात लिहिले. घरातल्या घरात हिशेब मिटायला 41 वर्षे लागली. मास्तरांना तेवढा धीर कुठून असणार?

आता अनुच्छेद 20 आणि 21 आणीबाणीतही गोठवता येत नाहीत, हे खरे. पण अटकेची कारणे कळण्याचा आणि मंडळापुढे जाण्याचा हक्क अनुच्छेद 22 मध्ये आहे, आणि त्याला हे कवच नाही. अनुच्छेद 359 मध्ये दुरुस्ती करून ते द्यावे, ही आमची दुसरी मागणी.

घातपात, दंगल यांपुढे पोलिसांना अधिकार लागतात, याबद्दल वाद नाही. पण राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली माणूस खटल्याविना बारा महिने आत राहू शकतो आणि मंडळापुढे त्याला वकील देण्याचा हक्क नाही. तो द्यावा. कारणांची प्रत त्याला वाचता येणाऱ्या भाषेत, आदेशाबरोबरच मिळावी. कोणत्या जिल्ह्यात किती आदेश निघाले आणि मंडळाने वा न्यायालयाने किती रद्द केले, हे गृहखात्याने दरवर्षी संसदेपुढे ठेवावे. (हे निवेदन ज्यांच्यामार्फत जात आहे त्या जिल्हाधिकाऱ्यांनाही असे आदेश काढण्याचे अधिकार देता येतात, तरी ते वेळेवर पुढे जाईल, असा आमचा विश्वास आहे.)

कलम 3 साठी नवे विधेयक लागत नाही. तारीख ठरवण्याचा अधिकार त्याच दुरुस्तीच्या कलम 1(2) ने केंद्र सरकारला दिलेला आहे. येत्या 25 जूनपूर्वी ती तारीख ठरवावी, अन्यथा का ठरवता येत नाही याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
(सह्या सोबतच्या पानांवर)

सोबत : 1975 च्या स्थानबद्धता आदेशाची झेरॉक्स. वडिलांच्या नावापाशी खाडाखोड आहे. ती मूळ कागदावरचीच आहे.