नांदेड, लातूर, अकोला आणि पौड

दहावीचा निकाल लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकच चौकशी सुरू होते: नांदेडला पाठवताय की लातूरला? फार तर अकोला. ऐपत नसेल तर गावातल्याच ज्युनिअर कॉलेजात नाव टाकायचं आणि दिवसभर क्लासला बसायचं. मी याच वाटेने इंजिनिअर झालो. आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही) दोन वर्षांचे प्रॅक्टिकल वहीतच झाले. नोकरी लागली, पगारही बरा आहे. पण ऑफिसात पहिल्यांदा चार माणसांसमोर उभं राहून ‘मला हे पटत नाही, कारण...’ म्हणायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की सोळाव्या-सतराव्या वर्षी आम्हाला कुणी मतच विचारलं नव्हतं.

ट्रॅव्हल्सने एका रात्रीत आपण पुण्याला पोचतो. तिथून पुढे मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर 1997 पासून अकरावी-बारावीचं एक वेगळंच निवासी कॉलेज चालू आहे, यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज. दोन्ही वर्षांची मिळून अडीचशेच्या आसपास मुलं, त्यांत आपल्या देशातली आणि जगभरातली. ही कल्पना कुर्ट हान या जर्मन ज्यू शिक्षकाची. हिटलरच्या विरोधात बोलल्यामुळे 1933 मध्ये त्याला अटक झाली आणि सुटल्यावर तो ब्रिटनला गेला. महायुद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांचे अधिकारी एका वर्गात बसून शिकताना त्याने पाहिले आणि वाटलं, हे तरुण वयातच का होऊ नये? 1962 मध्ये वेल्समध्ये पहिलं कॉलेज उघडलं. आज अशा 18 संस्था आहेत.

अभ्यासक्रम आयबी डिप्लोमा. सहा विषय, त्यांतले साधारण तीन वरच्या पातळीचे. शिवाय ‘आपल्याला जे माहीत आहे ते खरं कशावरून?’ हा प्रश्न विचारणारा एक पेपर, लोकांत जाऊन करायचं काम, आणि स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांचा शोधनिबंध. विचार करा, आपल्या पुसदच्या एखाद्या पोरीला सतराव्या वर्षी सांगितलं की बेंबळा धरणाचं पाणी कुणाच्या शेताला मिळतं ते शोधून काढ. किंवा दारव्ह्याच्या मुलाला, शकुंतला रेल्वे बंद पडल्याने कुणाचं काय गेलं ते लोकांना विचारून लिही. या वयात आपण त्यांच्याकडून फक्त एमसीक्यू सोडवून घेतो.

फीचा आकडा पाहून मोबाईल खाली ठेवावासा वाटतो, हे खरं. पण तिथे आधी निवड होते, मग घरची परिस्थिती पाहून किती मदत द्यायची ते ठरतं. मदत सगळ्यांना पुरेल इतकी नसते आणि निवडही सोपी नाही. तरीही ज्याला दारच माहीत नाही, तो ठोठावणार कसा? 2022 मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही काढून घेतली. त्याविरुद्ध आपण बोललंच पाहिजे. पण उरलेल्या दारांची यादीही आपल्याकडे हवी. यूडब्ल्यूसीतून शिकलेल्यांना अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत डेव्हिस शिष्यवृत्तीचा आधार मिळतो, हे आपल्या किती हेडमास्तरांना माहीत आहे?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला एमबीबीएसच करायचं आहे त्याने या वाटेला जाऊ नये. नीट एनसीईआरटीवर चालते, आयबी नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवाल तर पडाल. इंग्रजीचा धाक मात्र घेऊ नका. मराठी किंवा उर्दू शाळेतल्या मुलाला पहिले काही महिने जड जातील, पण एवढ्यासाठी अर्जच न करणं मला पटत नाही.

मग घरच्यांचा प्रश्न येतो: ‘पोरगी एवढ्या लांब? तेही सगळ्या धर्मांच्या मुलामुलींत?’ अम्मी-अब्बूंची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण आपल्याच मुली नांदेडच्या होस्टेलात दोन-दोन वर्षं राहतातच की. आणि ‘तू रोजा का ठेवतेस?’ असं दुसऱ्या देशातल्या मैत्रिणीने कुतूहलाने विचारलं, तर उत्तर देताना मुलीचा दीन कच्चा होत नाही. उलट तिला पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड तिथे चालत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. डोंगरावरचं हे कॉलेज जिल्ह्यातून एखाद-दुसऱ्यालाच घेणार. बाकी हजारो मुलं क्लासच्या बाकावरच राहणार. म्हणून यवतमाळ, पुसद, उमरखेड, वणीतल्या आपल्या पदवीधरांनी रविवारचे दोन तास काढून अकरावीच्या दहा-बारा पोरांसोबत एक प्रश्न घेऊन बसावं, गावातलाच. सगळ्या समाजांची पोरं असावीत. हॉल नसला तर शाळेचा व्हरांडा चालेल. मी ऑनलाइन बसायला तयार आहे.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी दहावीतच चौकशी सुरू करावी. अर्जात स्वतःबद्दल लिहावं लागतं. ते स्वतःच लिहा, क्लासच्या सरांकडून लिहून घेऊ नका.