रुबेलाच्या लसीतून निसटलेली पिढी

बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हाक मारली तरी ते वळत नाही, हे लक्षात येईपर्यंत बारसे होऊन गेलेले असते. मग घरात चौकशी सुरू होते ती ग्रहणाची, पपईची आणि सुनेच्या माहेरची. गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात तिच्या अंगावर दोन-तीन दिवस बारीक पुरळ उठले होते, हे कोणाच्या ध्यानातही नसते. ते पुरळ रुबेलाचे होते. हा विषाणूजन्य आजार मोठ्यांना फारसा त्रास देत नाही आणि अनेकींना तर पुरळही येत नाही. पण पहिल्या बारा आठवड्यांत संसर्ग झाला, तर दहापैकी नऊ वेळा हा विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो. डोळे, कान, हृदय, मेंदू घडत असतात ते नेमके याच दिवसांत.

हे गुपित नाही. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या ७८ बाळांची नोंद करून त्याचा संबंध गरोदरपणातील रुबेलाशी जोडला होता. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत सुमारे २० हजार बाळे व्यंग घेऊन जन्मली आणि १९६९ मध्ये तिथे लस आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती देशभर येऊ लागली २०१७ पासून. गोवा पहिल्या टप्प्यात होता. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ रोजी, नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांसाठी.

धोका या वयोमर्यादेतच दडला आहे. त्या दिवशी पंधरा पूर्ण केलेली मुलगी शाळेच्या रांगेत उभी राहिली नाही. ती आता विशी ओलांडून गेली आहे. बहुतेकींची लग्ने आणि बाळंतपणे याच वयात होतात. यातील अनेकींना लहानपणी रुबेला होऊन गेल्याने संरक्षण मिळालेले असते, हे खरे. ज्यांना तो झाला नाही आणि लसही मिळाली नाही, त्यांची नावे मात्र कोणत्याच यादीत नाहीत.

‘मुलांना लस मिळतेय, साथ आपोआप ओसरेल’ असे म्हणणाऱ्यांनी ग्रीसकडे पाहावे. तिथे १९७५ च्या सुमारास मुलांना लस मिळू लागली, पण लसीकरण निम्म्याच्याही खालीच राहिले. विषाणू फिरायचा थांबला नाही; तो मुलांत कमी भेटू लागला एवढेच. त्यामुळे मुली लागण न होताच वाढल्या, आणि १९९३ च्या साथीत तरुण स्त्रिया सापडल्या. त्या साथीने २५ बाळांना जन्मजात रुबेला दिला. अर्धवट लसीकरण हे लसीकरण न करण्यापेक्षाही घातक ठरू शकते, ते असे. आपले प्रमाण ग्रीसहून बरेच चांगले आहे, पण २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराने मुले दगावली, तेव्हा गोवर-रुबेलाच्या याच लसीकरणातील खिंडारे उघडी पडली. जिथे गोवर शिरतो तिथे रुबेलालाही वाट आहे. देशातून दोन्ही आजार हटवण्याचे २०२३ चे उद्दिष्ट हुकले, ते २०२६ वर ढकलले गेले.

गरोदरपणात ही लस देता येत नाही, कारण तिच्यात जिवंत (दुर्बल केलेला) विषाणू असतो. म्हणजे सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीला गरोदर स्त्री येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. लस दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी हवी. यासाठी नवी योजना, नवे नाव आणि फलकावर मंत्र्यांचे छायाचित्र लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशावेळी लस द्या. पाळणाघरात आणि परिचारिका प्रशिक्षण केंद्रांत तर ती सक्तीची करा. जन्मजात रुबेलाचे बाळ काही महिने, कधी वर्षभर विषाणू बाहेर टाकत राहते आणि त्याला उचलून घेणाऱ्या परिचारिकाही त्याच वयाच्या असतात. आशाताईंच्या नवविवाहितांच्या नोंदीत एका रकान्याची भर पडू द्या. पहिल्या बाळंतपणानंतर घरी सोडण्यापूर्वी आईलाही टोचा. स्तनपानाला या लसीची अडचण नाही. बाळाच्या डोसांसाठी प्रसूतिगृहात शीतसाखळी आहेच, आईच्या नावाने त्याच शीतपेटीतून एक कुपी काढण्याचा आदेश आरोग्य विभागाने अजून काढायचा आहे.