करवतीचा कांठ

नागपुरांत राहून ज्यानें अजब बंगला पाहिला नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. १८६३ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयांतील शिल्पें, शस्त्रें, नाणीं व पेंढा भरलेले प्राणी पाहून आम्हींहि विस्मय मानला आहे. परंतु बाहेर पडतांना एक प्रश्न मनांत राहतो. ज्या कोष्टी विणकरांमुळें या नगराचें नांव दूरवर गेलें, त्यांची विद्या चालतांना कोठें पाहावी?

करवतकांठी लुगडेंच घ्या. अंग टसराचें, कांठ निराळ्या सुताचा, आणि दोन्ही जेथें मिळतात तेथें करवतीचे दांते. ते छापलेले नव्हेत, सुईनें काढलेलेहि नव्हेत. मागावर तीन धोटे चालतात. एक अंगाचा, दोन कांठांचे. प्रत्येक फेरींत अंगाचा बाणा कांठाच्या बाण्यांत गुंतवावा लागतो. हात चुकला कीं दांता मोडलाच!

१८७७ सालीं येथें एम्प्रेस गिरणी सुरू झाली. गिरण्यांच्या स्वस्त कापडाशीं हातमागाची बरोबरी होईना. पुढें २००२ सालीं ती गिरणीहि बंद पडली. करवतीचा धोटा मात्र भंडारा जिल्ह्यांत मोहाडी, आंधळगांव येथें अजून चालतो. तो किती दिवस चालेल, ही आमची चिंता आहे.

कोणी म्हणतील, एक उत्तम लुगडें कांचेच्या कपाटांत ठेवा म्हणजे झालें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. फ्रान्समधील आलांसों गांवीं सुईनें लेस विणतात. तिच्या एका चौरस सेंटिमीटरास सात तास लागतात, आणि ती कला पूर्ण साधण्यास सात ते दहा वर्षें. तेथें लेसचें संग्रहालय आहे. पण तेवढ्यावर न थांबतां १९७६ सालीं सरकारी कार्यशाळाहि काढली. तेथील कारागीर वेतनावर काम करितात व शिष्य तयार करितात. २०१० सालीं युनेस्कोनें या कलेस मानवजातीचा वारसा मानिलें.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, नागपुरांतहि असा एक चालता माग असावा. त्यावर वेतन घेणारा विणकर असावा, आणि शेजारीं शिकणारीं मुलें. कपाट वस्त्र राखील, विद्या राखणार नाहीं. ती हातांतून हातांतच जाते. तोंवर आपण एवढें तरी करावें. घरांत मंगलकार्यासाठीं लुगडें घेतांना त्या दांत्यांकडे नीट पाहावें, आणि विणकराच्या मजुरीवर घासाघीस करूं नये.