चिपी ते मोपा: किलोमीटर नको, तास मोजा

"मोपा झालंय ना, मग चिपी हवंय कशाला?" अंधेरी ते मुलुंड, चार चाकरमानी जमले की हा प्रश्न निघतोच. लगेच कुणीतरी मोबाईलवर नकाशा उघडतो. सरळ रेघ मारली तर चिपी ते मोपा साधारण ४५ किलोमीटर. एवढ्याशा अंतरात दोन विमानतळ म्हणजे उधळपट्टी, असा निकाल देऊन मंडळी मोकळी!

थांबा जरा. मोपा ते दाबोळी ही सरळ रेघ तर ४० किलोमीटरचीच आहे, आणि ते दोन्ही चालू आहेत. शिवाय सरळ रेघेत कावळा उडतो, माणसं नाही. परुळे, कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं रस्त्याने गेलं तर हेच अंतर साठ-पासष्ट किलोमीटर भरतं. म्हणजे दीड तास, आणि गणपतीत तर विचारूच नका. सरकारी धोरणातही (२००८) नव्या विमानतळासाठी १५० किलोमीटरचा निकष आहे. तासांचा हिशोब तिथेही नाही.

आता तासांचं गणित करू. ढोबळच आहे, पण कामाचं आहे. दिवसाला एकच विमान असेल, तर तुम्हाला निघायचं असतं ती वेळ आणि विमानाची वेळ यांत सरासरी १२ तासांचा फरक पडतो. सारख्या अंतराने चार विमानं असतील तर ३ तासांचा. वाचले ९ तास! मोपाला उतरून मालवणला जायला दोन तास जास्त मोडले तरी माणूस मोपालाच जाणार. त्यात एकुलतं एक विमान रद्द झालं, तर थेट दुसरा दिवस.

चिपीचं नेमकं हेच झालं. ९ ऑक्टोबर २०२१ ला थाटात उद्घाटन झालं. 'उडान' योजनेतून मुंबईचं सत्तर सीटचं एटीआर सुरू झालं. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'उडान'ची तीन वर्षं भरली आणि चिपीची मुंबई सेवा बंद पडली. खापर मात्र फुटलं मोपाच्या डोक्यावर. अरे, दिवसाला एक विमान ठेवून कोण तुमच्या भरवशावर रजा टाकणार?

आमच्या धंद्यात एक सर्व्हर पडला तर दुसरा लोड घेतो. त्यासाठी दुसरा जवळ असावा लागतो. मोपा चिपीच्या जवळ आहे, हे चिपीचं नशीब आहे! मुंबईहून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी दोन विमानं सोडा. चिपीचं रद्द झालं, तर त्याच तिकिटावर मोपाच्या पुढच्या विमानात सीट आणि तिथून कुडाळ-मालवणची बस द्या. रद्द विमानाचा अर्थ मग 'उद्या' असा न राहता 'दोन-चार तास उशीर' असा होईल. मुंबईत स्लॉट नाहीत ही सबबही आता तितकीशी चालणार नाही, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. बोरिवलीकराला तो लांब पडेल, पण घाटकोपर-मुलुंडवाल्यांना चालेल की.

अनुदान द्यायचंच आहे ना? मग ते नुसत्या उड्डाणाला देऊ नका, पोचण्याच्या खात्रीला द्या. घरी कुणी आजारी असलं तर माणूस किलोमीटर मोजत नाही. आज रात्री पोचेन का, एवढंच विचारतो.