कादंबरीलाच वेगळी पंगत का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन पुस्तके वाचून काढली: संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे ऐकून एक विद्वान स्नेही म्हणाले, “मास्तर, पहिली दोन ठीक, तिसऱ्यात मात्र वेळ दवडलात!” मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला कादंबरीकार. हा टोला निमूटपणे सोसण्याची माझी तयारी नाही.

कादंबरीचीच काय, एकूण कथेचीच ही अवहेलना जुनी आहे. लहानपणी व्हर्जिलच्या महाकाव्यातील डायडो राणीच्या मरणाने आपण रडलो, याचा ऑगस्टीनला पश्चात्ताप होतो. पण गंमत पाहा! पापाचे स्वरूप उलगडून दाखविण्याची वेळ येताच या धर्मपंडिताने सांगितली ती सोळाव्या वर्षी केलेल्या नासपतीच्या चोरीची हकीकत. फळांची गरज नव्हती, ती गोडही नव्हती. बहुतेक डुकरांपुढे फेकली. याला प्रमेय म्हणावे की गोष्ट?

‘गीतारहस्य’ लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. त्यातील कर्मविपाकाचे प्रकरण वाचताना माझी मान लवली. परंतु आपल्या समाजाने कर्माचा खरा उपयोग कशासाठी केला? “तुझे प्रारब्ध!” एवढे म्हणून विधवेला गप्प बसविण्यासाठी. हरिभाऊंनी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात त्या विधवेलाच बोलावयास लावले. यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगत असताना तिच्यासमोर ‘प्रारब्ध’ हा शब्द उच्चारून पाहा. जीभ अडखळते की नाही?

रद्दी कादंबऱ्या पुष्कळ निघतात, हे मान्य. त्यात माझीही भर असेल. पण रद्दी भाष्ये का थोडी आहेत? ती जाड असल्यामुळे कोणी उघडून पाहत नाही, इतकेच! आणि कादंबरीकाराने प्रवचनकार होऊ नये, हेही मला कबूल आहे. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. आज तो उपदेश वाचक ओलांडून जातो. वाटेत भेटलेल्या विधवा मात्र त्याला सोडीत नाहीत.

सिद्धान्त माणसाविषयी बोलतो. त्या माणसाला समोर आणून उभे करण्याचे काम कादंबरीचे. म्हणून स्नेह्यांना माझी एकच विनंती आहे. आधी यमूची कहाणी शेवटपर्यंत वाचा. मग कर्मविपाकावर खुशाल वाद घालू.