हप्ते भाडेकरू फेडील? मुंबईच्या चाळींनी दिलेले उत्तर

#थ्रेड #इतिहास

१/ “कर्ज काढून एक सदनिका घ्यावी, भाड्याने द्यावी, हप्ते भाडेकरू फेडील.” नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणांना हा गुरुमंत्र हल्ली सर्रास दिला जातो. या मंत्राची परीक्षा मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच झाली. तिचा निकाल मंत्र देणाऱ्यांना ठाऊक नसावा, अथवा सोयीचा नसावा.

२/ १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी झाली आणि पुढे कोकण-घाटावरून माणसांचा लोंढा सुरू झाला. त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या: एक खोली, पुढे सामाईक सज्जा, टोकाला नळ आणि शौचकूप. गावी पैसे धाडून कामगाराच्या हाती उरे, त्यातूनच भाडे निघे. मालकाला परतावा हवा असेल तर एकच वाट होती: कमी जागेत अधिक खोल्या आणि एका खोलीत अधिक माणसे.

३/ या दाटीची किंमत १८९६ मध्ये कळली. डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. खासगी मालकाचा फायदा आणि शहराचे आरोग्य यांचा मेळ आपोआप बसत नाही, याची ती सरकारी कबुलीच होती.

४/ येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेणे आवश्यक आहे. “१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील घरमालक संपवला, तोवर सारे आलबेल होते,” असे सांगितले जाते. वस्तुतः पहिल्या महायुद्धात भाडी भडकल्यामुळे मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा १९१८ मध्येच करावा लागला होता. आलबेल असते तर त्याची गरज पडली नसती.

५/ सर्वांत बोलका पुरावा बी. डी. डी. चाळींचा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, ५०,००० खोल्यांची योजना आखली गेली. तिच्यासाठी कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसवण्यात आला. नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सुमारे १६,००० खोल्या झाल्या आणि योजना थांबली.

६/ का थांबली? बांधकामाचा खर्च मोठा, त्यामुळे भाडे मोठे. आणि ते भाडे गिरणी कामगाराला झेपेना. घरांसाठी तडफडणाऱ्या शहरात नव्याकोऱ्या खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. ज्याच्या हाती कर बसवण्याची सत्ता होती, त्या सरकारलाही खर्च भरून निघेल असे भाडे मिळाले नाही. भाडे मालकाच्या खर्चावर ठरत नाही. ते भाडेकरूच्या मिळकतीवर ठरते.

७/ दंतकथेत सत्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. दुरुस्ती परवडेना, पागडीचा काळा व्यवहार फोफावला. अखेर १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६०० च्या वर होत्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे म्हटले.

८/ कायदा एका रात्रीत माणसाचे स्थान कसे बदलतो, तेही पाहावे. भाडेकरू नको म्हणून अनेक मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची पळवाट शोधली होती. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध कराराने राहत असलेल्या अशा परवानाधारकांना संरक्षित भाडेकरू केले!

९/ पुढे १९९९ चा कायदा आला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली, पागडी वैध झाली, आणि मुदत संपलेल्या परवानाधारकाला हटवण्याची वेगळी, जलद तरतूद झाली. लिव्ह अँड लायसन्सचे शुल्क तर उभयपक्षी ठरते. तरीही २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. सारा दोष १९४७ च्या माथी मारणाऱ्यांनी या आकड्याचे उत्तर द्यावे.

१०/ आता आजचा हिशेब. १ कोटीच्या घराला ३ टक्क्यांनी वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५,००० रुपये भाडे येते असे धरू. ८० लाखांचे कर्ज, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे: हप्ता सुमारे ६९,४०० रुपये. उरलेले ४४,४०० कोण भरणार? शिवाय सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि घर रिकामे राहणारे महिने वेगळेच.

११/ म्हणजे हप्ते भाडेकरू फेडीत नाही. मालकाचा पगार फेडतो, आणि सारी भिस्त उद्या जमीन महागेल या आशेवर असते. तो सट्टा खेळण्यास कोणाची हरकत नाही. पण त्याला “बसल्या जागी उत्पन्न” म्हणणे ही फसवणूक आहे, आणि तिचा पहिला बळी वीस वर्षांच्या कर्जाला बांधला गेलेला पंचविशीतला तरुण असतो.

१२/ घरमालकी हा धंदा आहे. त्यात दुरुस्ती आहे, कायदा आहे, आणि पलीकडे एक राहते कुटुंब आहे. १९९९ च्या कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच. या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने घराची किंमत विचारण्यापूर्वी त्या वस्तीत राहणाऱ्यांचा पगार विचारावा. लॉइडसाहेबांनी तो नंतर विचारला.